गेटासकट फोटो

फोटोत गेट आलं पाहिजे, एवढंच आप्पारावांचं म्हणणं होतं. तसं बघितलं तर ही काही मोठी अट नव्हे. पण पुढं त्यांच्या भावकीतल्या बंकटच्या दारात गाव हार घेऊन जमलं, बंकट अर्ध्या दाढीनं साबणासकट रस्त्यानं पळत सुटला आणि आप्पारावांचं धुतलेलं धोतर चिखलात गेलं, ते सगळं या गेटापायी.

मुळात माणूस रागीट. घड्याळ पुढं जातं म्हणून ते घड्याळावर रागवत, आणि कोंबडा घड्याळाचं ऐकत नाही म्हणून कोंबड्यावर. गावातले लोक म्हणत, आप्पारावांच्या मोसंबीच्या बागेत पाखरं हाकायला गोफण लागत नाही, आप्पाराव नुसते उभे राहिले तरी भागतं. (खरंखोटं पाखरांना माहीत.) पण दुपारी सत्यभामाबाईंचा डोळा लागला, की हाच माणूस हळूच त्यांच्या पायावर गोधडी ओढायचा. मग ती सरकली की गोधडीवर रागवायचा, तेही दबक्या आवाजात.

सत्यभामाबाईंना संसारात दुसरं काही कमी नव्हतं. फक्त एक फोटो नव्हता. लग्नातल्या फोटोत आप्पाराव डोळे वटारून उभे, कारण बँडवाले उशिरा आले होते. लेकीच्या लग्नातल्या फोटोत ते आचाऱ्याकडं बघत होते, आणि त्या फोटोत आचारी नसतानाही तो काय करत असेल हे दिसत होतं. मध्यंतरी भावकीतल्या छबुबाई वारल्या. घरात त्यांचा एकही धड फोटो सापडला नाही, म्हणून आधार कार्डावरचाच मोठा करून भिंतीला लावला. सत्यभामाबाई तिथून घरी आल्या. पाणी पिऊन म्हणाल्या, "आपल्या दोघांचा एक फोटो काढा. चांगला. तुमी रागात नसताना."

"मी रागात कवा असतो?" आप्पाराव एवढ्या जोरात ओरडले की शेजारची शेळी दावं तोडून गेली.

आधी ते दोघं गेवराईला स्टुडिओत जाऊन आले. फोटोवाल्या शहेबाजनं बिचाऱ्यानं दोनदाच म्हटलं, "काका, जरा हसा." दुसऱ्यांदा म्हटल्यावर आप्पाराव स्टुलावरून उठले. "कावून हसू? तुला काय जोकर वाटलो का मी?" आणि फोटो न काढताच एसटीनं परत आले. येताना कंडक्टरशी भांडले.

मग लेकीनं मनावर घेतलं. शिवकन्या अंबाजोगाईला नर्स. फावल्या वेळात ती स्वयंपाकाचे व्हिडिओ करायची, त्यासाठी तिनं एक कॅमेरा घेतला होता. सुट्टीला आली ती कॅमेरा आणि तिपाई घेऊनच.

"याच्यात आरसा नसतो, बाबा. मिररलेस म्हणतात त्याला."

"आरसा न्हाई? मंग दुकानदारानं काढून घेतला आसंल. तुला फसवलं."

"अहो, आरसा नसतो म्हणून तर हलका असतो."

"उद्या म्हणशील, गेटात लोखंड न्हाई म्हून गेट हलकं हाय."

हे गेट नुकतंच बसलं होतं. गेवराईच्या हैदर मिस्त्रीनं दोन लोखंडी मोर आणि मधोमध पितळी अक्षरांत 'आप्पाराव' असं घडवून दिलं होतं. पितळेला हात लागेल म्हणून आप्पाराव स्वतः कोपरानं गेट उघडत. त्या दिवसांत घरातल्या कुठल्याही बोलण्याची गाडी फिरून गेटावरच यायची.

शिवकन्येनं अंगणात तिपाई उभी केली, पडवीत दोन खुर्च्या मांडल्या. मग आईला चुलीपाशी नेऊन हळूच म्हणाली, "बाबांना सांगू नको. कॅमेरा मी हसण्यावर लावलाय. समोरचा माणूस हसला, की आपोआप फोटो निघतो. बटण दाबायचंच नाही."

"आन न्हाई हसला तर?"

"तर निघत नाही."

सत्यभामाबाईंनी कॅमेऱ्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. म्हणाल्या, "लई दिवस उभं ऱ्हावं लागंल त्या बिचाऱ्याला."

स्वतः सत्यभामाबाईंनी हसून भागलं नसतं का? नसतं. पुढचे दोन दात गेल्यापासून फोटोचं नाव निघालं की त्या तोंडाला कुलूप लावत. म्हणजे सगळी भिस्त आप्पारावांवर. तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला, शिवकन्येची रजा मोडली, आणि ती मिळेल त्या गाडीनं निघाली. जाताना बापाला एवढंच म्हणाली, "फोटो आपोआप निघतो. तुम्ही फक्त निवांत बसा."

निवांत बसणं, तेही आप्पारावांनी!

सत्यभामाबाई हिरवं इरकल नेसून आल्या. आप्पाराव खुर्चीत बसले आणि लगेच उठले.

"आपल्या मागं काय येतंय? पडवीची भित. गेट कुठंय?"

"अहो, गेट काय करायचंय फोटोत?"

"काय करायचंय? एवढं दोन मोराचं गेट दारात उभं, आन मी भितीला टेकून बसू? चोरासारखा?"

झालं. खुर्च्या अंगणात आल्या, गेटाकडं पाठ करून. कॅमेरा पडवीत न्यायचा म्हणून आप्पारावांनी तो तिपाईसकट पोटाशी धरून उचलला. उचलला तसा मागचा पडदा काळा झाला.

"मेला!" आप्पाराव म्हणाले. खाली ठेवला, पडदा उजळला. पुन्हा पोटाशी धरला, पुन्हा काळा. "माझ्या पोटाला भ्यायलंय का हे?"

त्याचं असं असतं, की या कॅमेऱ्याला डोळा लावून बघायचं एक भिंग असतं. त्याच्याजवळ काही आलं, की कॅमेऱ्याला वाटतं माणूस डोळा लावतोय, आणि तो मागचा पडदा मिटून घेतो. आप्पारावांच्या पोटाला तो डोळा समजत होता. हे त्यांना कळलं असतं तर आणखी रागावले असते.

पडवीत पोचेपर्यंत कॅमेरा कंटाळून झोपी गेला. सत्यभामाबाईंनी लेकीनं दाखवलेलं बटण दाबून उठवला, तर पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं आणि अंगण काही दिसेना.

"ते पुढचं नळकांडं फिरवत होती शिवकन्या," सत्यभामाबाई म्हणाल्या.

उचलताना मिटलेलं ते नळकांडं आप्पारावांनी धरलं. फिरवायचं ते नुसतं, उघडण्यापुरतं. पण त्यांनी नळाची चावी पिळावी तसं पिळलं, आणि दुसऱ्या हाताचा अंगठा बाजूच्या गोल बटणावर पडला. टक् असा आवाज झाला आणि अख्खं भिंग त्यांच्या हातात आलं. कॅमेऱ्याला पुढं मोठं भोक पडलं.

"मान मोडली," आप्पाराव म्हणाले. राग एकदम उतरला, चेहरा पडला. लेकीचा कॅमेरा! "सत्यभामा, मी त्याची मान मोडली."

सत्यभामाबाईंनी आधी त्या भोकावर पदर धरला, धूळ जाऊ नये म्हणून. मग दोन्ही भाग उलटसुलट करून बघितले. "मोडली न्हाई. काढता-घालता येतंय. ह्यो बघा पांढरा ठिपका हितं, आन ह्यो तितं. कुकरच्या झाकणासारखं हाय." त्यांनी ठिपक्याला ठिपका लावला आणि फिरवलं. पुन्हा टक्. मग हळूच नळकांडं उघडलं. पडद्यावर अंगण दिसलं, दोन रिकाम्या खुर्च्या दिसल्या, गेट दिसलं.

"मला वाटलंच होतं," आप्पाराव म्हणाले, आणि त्यांचा राग पूर्ववत झाला.

पडदा पुढच्या बाजूला वळवला, म्हणजे बसल्या जागी आपण आपल्याला दिसतो. दोघं जाऊन बसले. आप्पारावांनी बारीक डोळे करून पडवीकडं बघितलं. पडद्यावर त्यांच्या तोंडाभोवती एक चौकट आली होती.

"मला कावून चौकटीत घातलं त्यानं? चौकटीत मेलेल्याला घालत्यात."

"त्याला तोंड सापडलं म्हून दाखवायलाय. गप बसा जरा."

"गपच तर बसलोय! निघत कावून न्हाई फोटो?"

"तुमी जरा... निवांत बसा की."

"ह्याच्यापेक्षा निवांत मी आयुष्यात बसलो न्हाई!" आप्पाराव गरजले. कॅमेरा मुकाट उभा होता. सकाळचं ऊन डोळ्यावर येत होतं, त्यामुळं त्यांच्या कपाळाला होत्या त्यापेक्षा जास्त आठ्या पडल्या होत्या. सत्यभामाबाईंनी त्यांना एक जुनी गंमत सांगून बघितली, व्याह्यांच्या धोतरात मुंगळा शिरला होता ती. आप्पारावांना व्याह्यांचाच राग आला. मग त्या आपल्या खुर्चीत मांडी ठोकून बसल्या. "मी उठायची न्हाई. आज फोटो निघाल्याबिगर मी हितनं हालायची न्हाई, सांगून ठिवते."

आप्पारावांनी वैतागून आपली खुर्ची जरा बाजूला ओढली. गेटाचा दुसरा मोर झाकला जात होता. आणि ती चौकट त्यांच्या तोंडावरून उठली, खांद्यावरून मागं गेली आणि तिथंच बसली.

खट्ट.

"निघाला!" सत्यभामाबाई म्हणाल्या.

खट्ट. खट्ट. खट्ट.

"आरं पुरं की! आन माझी चौकट कुठं गेली? मला कावून सोडलं?" आप्पारावांनी गर्रकन मागं बघितलं.

मागं गेट. गेटामागं रस्ता. आणि रस्त्यापलीकडं दोन बांबूंवर ताणलेलं, गेटापेक्षा उंच बॅनर. 'युवकांचे आशास्थान बंकटशेठ यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.' (आशास्थानाला नातू झाला होता.) वर बंकटचं घमेल्याएवढं तोंड, बत्तिशी दाखवत हसणारं, छातीशी हात जोडलेले. खाली बारीक बारीक गोलांत शुभेच्छुकांची रांग.

कॅमेऱ्याला अख्ख्या अंगणात हसणारा माणूस हा एकच सापडला होता. आणि तो काही केल्या हसायचं थांबत नव्हता.

खट्ट. खट्ट.

आता बंकट म्हणजे आप्पारावांचा चुलतभाऊ. दोघं एका ताटात जेवून वाढलेले. पण मागच्या दोन वाढदिवसांपासून बोलणं बंद. कारण एकच. बंकटच्या त्या वेळच्या बॅनरवर शुभेच्छुक म्हणून सगळ्या गावाचे फोटो होते. पाण्याचा टँकर चालवणाऱ्या सटवाचा होता. सटवाचा मेहुणा एक दिवसासाठी पाहुणा आला होता, त्याचाही होता. आप्पारावांचा नव्हता. त्या दिवशी त्यांनी बॅनरवरचा एकेक गोल बोट लावून बघितला होता, शेवटपर्यंत, आणि मग काही न बोलता घरी आले होते. ते काही न बोलणं सत्यभामाबाईंना ओरडण्यापेक्षा जड गेलं होतं.

"बंकटाच्या घरी नवं वायफाय बसलंय," आप्पाराव दात खात म्हणाले. "त्यानं वायफायनं वढून घेतला कॅमेरा."

"अहो, तसं नसतंय. भाऊजी तितं हसायलेत म्हून..." सत्यभामाबाईंनी जीभ चावली.

"हसायलाच हाय! मलाच हसायलाय! माझ्या दारात, माझ्या लेकीच्या कॅमेऱ्यात, माझ्या फोटोत!"

ते तरातरा घरात गेले, दोरीवरचं धुतलेलं पांढरं धोतर घेऊन आले, कोपरानं गेट उघडलं, बॅनरखाली लोखंडी स्टूल ठेवलं आणि धोतर फेकलं ते बरोबर बंकटच्या तोंडावर. तोंड झाकलं. धोतराखालून नुसते जोडलेले हात दिसत राहिले, जणू निरोप घेत असावेत तसे.

पडवीतली खटखट बंद झाली.

"आता काढ म्हणावं," आप्पाराव परत येऊन बसले.

बसतात तोच रस्त्यावरून सटवाचा टँकर आला. सटवानं बॅनरकडं बघितलं, कच्चकन ब्रेक दाबला. खाली उतरला, डोक्याचा रुमाल काढला, हात जोडून क्षणभर मान खाली घालून उभा राहिला. आप्पारावांना कॅमेऱ्याच्या पडद्यात तो गेटापाशी हात जोडलेला तेवढा दिसला; वाटलं, गेटाला नमस्कार केला. त्यांना सटवाबद्दल पहिल्यांदाच बरं वाटलं. सटवा डोळे पुसत टँकरमध्ये चढला आणि टँकर चौकाकडं पळवला.

थोड्या वेळानं पलीकडच्या आळीतून बायकांचा गळा काढल्याचा आवाज आला.

"कोण गेलं वो?" सत्यभामाबाईंनी खुर्चीतूनच विचारलं.

"जाऊंदे. हितं फोटो निघंना आन तुला गेल्याल्याची पडलीय."

त्यानंतर रस्त्यावर जे दिसलं ते गावाला पुष्कळ दिवस पुरलं. पुढं बंकट. एका गालाला साबण, दुसरा गाल तुळतुळीत, गळ्यात न्हाव्याचं फडकं आणि त्यावर कुणीतरी घातलेला झेंडूचा हार. मागं सटवा आणि निम्मं गाव. बंकटनं येताना बॅनरवरचं धोतर ओढलं ते बॅनरवरच्या तोंडासकट फाटून आलं. धोतर चिखलात पडलं. गेटाला कोपर लावायचं भान कुणाला होतं? दोन्ही फाटकं धाडकन उघडली.

"आप्पा!" बंकट ओरडला. "मी मेलोय का बे?"

आप्पाराव उभे राहिले. दोन वाढदिवसांत पहिल्यांदाच दोघं समोरासमोर आले होते. "मला काय विचारायलास? तुला ठावं!"

"माझ्या तोंडावर पांढरं कुणी घातलं? दाढी करताना माणसं आली हार घिऊन! माझी सून माझ्याच पुढ्यात रडायलीय, आन मी तिला म्हणायलोय, आगं मी हाय, मी हाय!"

"मी घातलं! घालीन! तुझं तोंड माझ्या फोटोत कावून?"

"मंग तुझ्या फोटोचं मला काय सांगतोस? माझा वाढदिवस, माझं बॅनर!"

"हां, तुझंच बॅनर! त्यात सटवा चालतो, सटवाचा मेव्हणा चालतो. आप्पाराव चालत न्हाई! एका ताटात जेवलो आपुन, आन तुला माझ्या तोंडाचा एवढासा गोल जड झाला?"

म्हणता म्हणता आप्पारावांचा आवाज चिरकला.   बंकटनं गालावरचा साबण फडक्यानं पुसला.

"म्हून बोलत न्हाईस व्हय?" तो म्हणाला. "आरं आप्पा, तुझा फोटो घालायचा म्हून मी लई हुडकलं. एकच घावला." त्यानं खिशातून मोबाईल काढला, बोटानं मागं मागं सरकवत एक फोटो काढला आणि आप्पारावांच्या नाकासमोर धरला. "सुनेच्या साखरपुड्यातला. बघ."

फोटोत आप्पाराव पंगतीत बसले होते. पानात बुंदी होती. आणि ते त्या बुंदीकडं असे बघत होते, जणू तिनं त्यांच्या शेताचा बांध कोरला आहे.

"आता ह्या तोंडाखाली मी काय लिहू?" बंकट काकुळतीला येऊन म्हणाला. "'दीर्घायुष्य लाभो'? लोकं म्हणतील, ह्यो माणूस बंकटाला शाप द्यायलाय! फ्लेक्सवाला बी म्हणला, शेठ, ह्यांला घातलं तर बाकीचे शुभेच्छुक भेल्यासारखे वाटत्यात."

आप्पारावांनी मोबाईल हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. बुंदीकडं बघितलं, स्वतःकडं बघितलं. कपाळाच्या आठ्या, फुगलेल्या नाकपुड्या, वर चढलेली मिशी. लहानपणी या दोघांना चिंचा चोरताना पकडलं, की आप्पारावांचा बाप हुबेहूब असाच उभा राहायचा.

"बंकट," ते म्हणाले, "ह्यो आपला म्हातारा हाय की रं."

"तेच तर! मला तर फोटो बघून आजबी पळावं वाटतंय!"

आणि आप्पारावांच्या पोटात, त्याच पोटात ज्याला कॅमेरा डोळा समजला होता, काहीतरी हललं. मिशी थरथरली. आधी नाकातून एक आवाज आला, मग घशातून, आणि मग आप्पाराव खदाखदा हसले. बुंदीवर बोट ठेवून हसले, बंकटच्या अर्ध्या दाढीकडं बघून हसले, पडवीकडं वळून खुर्चीला धरून, डोळ्यांतून पाणी काढून हसले.

पडवीतून आवाज आला.

खट्ट.

सत्यभामाबाई तेव्हा खुर्चीतून उठल्या. "निघाला," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून आत चहा टाकायला गेल्या. जरा वेळानं आतून आवाज आला, "भाऊजी, आलं घालू का?"

शिवकन्या पुढच्या सुट्टीला आली तेव्हा तिनं कॅमेरा उघडला. आधी बंकटशेठचे फोटो निघाले, ते संपता संपेनात. आणि शेवटी तो एक. मधोमध सत्यभामाबाई हिरव्या इरकलात, मिटल्या ओठांनी, पण डोळ्यांत हसू कळतंय असं बघणाऱ्या. एका बाजूला अर्ध्या दाढीचा, घाबराघुबरा बंकट. दुसऱ्या बाजूला आप्पाराव, तोंडभर हसणारे. मागं मात्र नुसती गर्दी आणि रस्ता. गर्दीनं दोन्ही फाटकं उघडून टाकली होती, त्यामुळं गेटाचा एकसुद्धा मोर आला नव्हता.

"काकांना कापून टाकू का, आई?" शिवकन्येनं विचारलं.

"ऱ्हाऊंदे. त्यांनीच हसवलं."

शिवकन्येनं वायर न लावता तो फोटो कॅमेऱ्यातून मोबाईलवर घेतला आणि काकांना पाठवला.

"हे कशानं गेलं?" आप्पारावांनी विचारलं.

"कॅमेऱ्यात वायफाय आहे, बाबा."

"बघ!" आप्पाराव बायकोकडं वळून गरजले. "मी म्हणलो नव्हतो?"

सत्यभामाबाईंनी फोटो चौकटीत घालून देवघराशेजारी लावला. सकाळी पूजा झाली की त्या काच पुसायच्या. आप्पारावांकडची बाजू जरा जास्त वेळ.

इकडं बंकटचं बॅनर फाटलं होतं, ते नवीन करावं लागलं. या वेळी शुभेच्छुकांत पहिला, सगळ्यांत मोठा गोल आप्पारावांचा. ज्या सकाळी ते लागलं, त्या सकाळी आप्पाराव इस्त्रीचे कपडे घालून गेटाला टेकून उभे राहिले. सहज. हवा खायला.

सटवाचा टँकर थांबला. पाणी भरायला आलेल्या बायका थांबल्या. सगळे माना वर करून बघू लागले.

"बंकटशेठच्या खाली ह्ये नवीन पाव्हणं कोण म्हणायचं?" सटवा म्हणाला.

आप्पाराव खाकरले.

"लई देवमाणूस दिसतोय," त्यांतली वनमाला म्हणाली. "शेठच्या सुनंचे वडील आसतील."

"न्हाई, न्हाई. कीर्तनकार असंल कुणीतरी. तोंडावर बघा की किती शांती हाय," दुसरी म्हणाली.

"नीट बघा," आप्पाराव गेटापासून म्हणाले.

सटवानं नीट बघितलं. बॅनरकडं, मग आप्पारावांकडं, मग पुन्हा बॅनरकडं. "न्हाई बुवा. आपल्या गावचं न्हाई ह्ये. तुमी वळखता का ह्यांला, आप्पा?"

आप्पारावांच्या कपाळाला आठ्या पडल्या, नाकपुड्या फुगल्या, मिशी वर चढली.

"त्ये मी हाय बे! डोळं फुटलं का तुमचं? मी! आप्पाराव!"

बायकांच्या घागरी खाली आल्या. सटवानं त्या लालबुंद तोंडाकडं मन लावून बघितलं आणि त्याची शंका फिटली.

"हां," तो म्हणाला, "आता वळखलं."